तुटलेले तुकडे जोडून पाहू नयेत

कुठलीही वस्तू तुटली की माणूस आधी काय करतो, तर दोन्ही तुकडे हातात घेऊन जुळवून बघतो. कपाचा कान असो, बांगडी असो, नाहीतर अंगठ्याएवढी जाड पोलादी पिन असो. जुळले की ‘हं’ म्हणायचं आणि खाली ठेवायचं. यातून कुणाला काय कळतं, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत समजलेलं नाही. पण हा मोह शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना होतो आणि त्यापायी माझं निम्मं काम वाया जातं.

मी वाळूजच्या एका कारखान्यात धातू तपासते. तुटलेला भाग का तुटला, हे सांगायचं काम माझ्याकडे असतं. पोलाद तुटतं तेव्हा तुटलेल्या तोंडावर सगळी हकीकत उमटलेली असते. तडा कुठून निघाला, किती दिवस हळूहळू सरकत राहिला, शेवटी कुठं एकदम कडकन गेला, हे सवयीच्या डोळ्याला वाचता येतं. पण ही अक्षरं फार नाजूक. दोन तोंडं एकमेकांवर टेकवून जरा जरी दाबली, तरी नेमकी कामाची जागा घासली जाते आणि मग मायक्रोस्कोपखाली नुसता चकचकीत डाग दिसतो. म्हणून मी प्रयोगशाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं होतं, ‘तुटलेले तुकडे जोडून पाहू नयेत.’ त्याखाली कुणीतरी पेनानं ‘मोडलेली लग्नं?’ असं विचारून ठेवलं होतं. मी ते खोडलं नाही. तेवढी गंमत मलाही कळते.

एरवी माझा स्वभाव तापट. आमचं घर मूळचं भिक्षुकीचं. आजोबा पूजा सांगत, वडील कचेरीत कारकून होते, आणि दोघांनाही समोरच्याची चूक झटकन दिसायची. आजोबांना यजमानाच्या आचमनात, वडिलांना लोकांच्या अर्जात. मी तीच नजर घेऊन इंजिनिअर झाले. घरात हिला कुणी गुण म्हणत नव्हतं, कारखान्यात म्हणू लागले, आणि त्यामुळे मी थोडी शेफारले, हे आता कबूल करायला हरकत नाही.

आमच्या भट्टीवर मामा होते, म्हणजे सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा. पोलादाच्या पिना लालभडक तापवायच्या, तेलात बुडवून कडक करायच्या, मग पुन्हा बेताच्या तापवून त्यांचा ठिसूळपणा घालवायचा, हे त्यांचं काम. लासूर स्टेशनच्या पलीकडच्या एका वस्तीवरून ते रोज मोटारसायकलनं यायचे. घरी मेंढरं होती. वडील सारा जन्म कळपामागं हिंडले होते, पावसाळ्यात एका गावात तर उन्हाळ्यात तिसऱ्याच. मामा मात्र अकरा वर्षं याच भट्टीसमोर उभे होते, आणि तेही कंत्राटावर. त्या वर्षी कारखान्यात कायम करायच्या माणसांची यादी निघणार होती. वयाच्या अटीमुळे मामांची ती शेवटची संधी होती.

‘‘बाप लई हिंडला, म्याडम,’’ ते म्हणायचे. ‘‘मला आता एका जागी ऱ्हायचंय. एवढं नाव लागलं की बास.’’

ते तापमान डोळ्यांनी ओळखायचे. मी भट्टीला नवा मीटर बसवून घेतला, तर आधी आत वाकून रंग बघायचे आणि मग मीटरकडे. मी एकदा चिडून म्हटलं, ‘‘मामा, मीटर असताना आत काय बघताय?’’ तर म्हणाले, ‘‘मीटर बरूबर सांगायलाय का ते बघायलोय.’’ सगळे हसले. मीही हसले, पण ते मला झोंबलं होतं. पुस्तकं मी वाचलेली, आणि हा माणूस माझा मीटर तपासत होता.

उन्हाळ्यातल्या एका सकाळी मामांच्या हातची पिन तुटून परत आली. आमच्या पिना खोदकामाच्या यंत्रांत बसतात. ज्या कारखान्याकडे त्या जातात, तिथं चाचणीच्या यंत्रावर ही पिन जितकी टिकायला हवी होती त्याच्या किती तरी आधी तुटली होती. आमच्या मॅनेजरांनी फोनवरून सांगितलं की कारण संध्याकाळपर्यंत पाहिजे. त्या दिवशी आमच्याकडे हर्सूलला पाण्याचा वार होता. आठवड्यातून एकदा येणारं पाणी पहाटेपासून भरून, कारखान्याची बस चुकवून, रिक्षा बदलत मी उशिरा पोहोचले होते. हे मी सबब म्हणून सांगत नाही. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, एवढंच.

गेटवरून पुडकं घेऊन मामाच वर आले. माल त्यांच्या भट्टीतला म्हणून त्यांना बोलावलं होतं. दाराशी वही असते, कोणता तुकडा कुणी आणला ते लिहायला. तीत त्यांनी सही केली. पुडक्यात दोन्ही तुकडे वेगवेगळ्या कागदात नीट गुंडाळलेले होते. पाठवणाऱ्यानं एवढी काळजी घेतलेली मी क्वचितच बघितली आहे.

मी तुकडे बाहेर काढले. मामा टेबलाच्या पलीकडे उभे होते. ते हळूच म्हणाले, ‘‘भट्टी बरूबर व्हती, म्याडम. त्या दिशीचा समदा माल मीच काढलाय. मला वाटतंय, लोखंडातच खोट हाय.’’

ज्या सळ्यांपासून या पिना बनतात, त्या कारखान्यात आल्या तेव्हा मीच तपासून पास केल्या होत्या. म्हणजे ते माझीच चूक काढत होते. निदान मला तसं ऐकू आलं. माझं पित्त खवळलं.

‘‘लोखंडात खोट? बघा, हे तुमचंच काम आहे,’’ असं म्हणून मी दोन हातांत दोन तुकडे घेतले आणि त्यांच्या नाकासमोर ते एकमेकांवर आपटले. नुसते टेकवले नाहीत, दाबून फिरवले. का, ते मला सांगता येणार नाही. काहीतरी जोडून दाखवल्याशिवाय माणसाला आपलं म्हणणं खरं झाल्यासारखं वाटत नाही बहुतेक.

मामांनी माझ्या हातांकडे बघितलं, मग भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं आणि ते खाली गेले.

मी तुकडा मायक्रोस्कोपखाली ठेवला. कडेच्या जरा आत, जिथून तडा निघाला असावा, तिथं एक चपटा चकचकीत पट्टा होता. त्यापलीकडे काही दिसत नव्हतं. मला त्या क्षणी कळलं की हा पट्टा माझ्या हातचा आहे. पण संध्याकाळ जवळ येत होती. मी पिनेचा कडकपणा मोजला. तो मर्यादेच्या आत होता, फक्त अगदी वरच्या काठावर. मी रिपोर्टात लिहिलं की पिन जास्त कडक झाली आहे, भट्टीवर लक्ष देण्याची गरज आहे. सही केली आणि पाठवून दिला. घरी जाताना बसमध्ये मी स्वतःला सांगितलं, असेलही तसंच.

चार दिवसांनी कळलं की यादीतलं मामांचं नाव थांबवलंय. मॅनेजर म्हणाले, भट्टीचा प्रश्न मिटेपर्यंत. मामा आधी सोमवारी चहाच्या वेळेला वर यायचे, शेंगदाणे आणायचे, मेंढरांच्या गोष्टी सांगायचे. ते आता येईनासे झाले.

तीन आठवड्यांनी त्याच मालातली दुसरी पिन तुटली. ती घेऊन मामा स्वतःच वर आले. शर्टाच्या खिशातून रुमालात बांधलेला एक तुकडा काढला, पँटच्या खिशातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला दुसरा काढला आणि टेबलाच्या दोन टोकांना दोन ठेवले.

‘‘जोडलं नाय,’’ एवढंच बोलले आणि गेले.

टोमणा म्हणावा तर आवाजात तसं काही नव्हतं. मला मात्र तो बसला.

या वेळी मी दार लावून घेतलं. तुकडा नुसता फुंकर मारून मायक्रोस्कोपखाली ठेवला. आणि ते दिसलं. पृष्ठभागाच्या थोडं आत, गोल, आरशासारखं उजळ वर्तुळ, आणि त्याच्या बरोबर मध्ये एक काळा ठिपका. आमच्यात त्याला माशाचा डोळा म्हणतात, आणि खरंच तो बाजारात बर्फावर ठेवलेल्या माशासारखाच थंडपणे बघत असतो. ठिपका केसाच्या जाडीहूनही लहान होता.

तो ठिपका म्हणजे पोलादात अडकलेली घाण. पोलाद वितळलेलं असताना त्यातला प्राणवायू काढायला थोडं अ‍ॅल्युमिनियम घालतात. त्यातून जे बारीक खडे तयार होतात, ते बहुतेक तरंगून वर येतात आणि वर जमलेल्या मळीबरोबर निघून जातात. एखादा राहतो. मऊ पोलादात तो राहिला तरी फारसं बिघडत नाही. भोवतीचं पोलाद जरासं ताणतं, सरकतं आणि त्याला सांभाळून घेतं. कडक केलेल्या पोलादाला हे सांभाळून घेणं जमत नाही. कडकपणा वाढवला की पिनेची ताकद वाढते खरी, पण एका हद्दीपर्यंतच. त्यापुढं ती लाखो वेळा भार सोसून किती टिकणार, हे तिच्या ताकदीवर राहत नाही. आत सगळ्यात मोठा खडा केवढा आहे आणि तो कुठं बसलाय, यावर राहतं. प्रत्येक भाराबरोबर खड्याच्या कडेला ताण गोळा होतो. एके दिवशी तिथं तडा उमलतो आणि गोल गोल वाढत जातो. बाहेरून पिन नवीकोरी दिसते.

एकाच सळीतल्या दोन पिनांपैकी एक वर्षानुवर्षं चालते आणि दुसरी महिन्यात जाते, याचं कारण हेच. सळ्या आत घेताना मी तपासला होता तो नखाएवढा तुकडा. त्या नखाएवढ्या जागेत खडा नव्हता. नियमानं मी चुकले नव्हते. पण मामा बरोबर होते. लोखंडात खोट होती.

मी नवा रिपोर्ट लिहिला. दोष पोलादाचा, भट्टीचा नाही, असं स्वच्छ लिहिलं. फोटो जोडले. मग पहिल्या पिनेवर आले. तिथं बराच वेळ थांबले आणि इंग्रजीत एक गुळगुळीत वाक्य लिहिलं, की पहिल्या नमुन्याचे तोंड हाताळताना खराब झाल्यामुळे त्याबद्दल निश्चित काही सांगता येत नाही. खोटं काहीच नव्हतं त्यात.

मंगळवारी मॅनेजरांच्या केबिनमध्ये बैठक झाली. त्यांनी रिपोर्ट वाचला आणि विचारलं, ‘‘हाताळताना खराब म्हणजे? हाताळलं कोणी?’’ मी उत्तर देण्याआधी त्यांनी दाराशी असते ती वही मागवली, पान उलटलं आणि बोट ठेवलं. ‘‘हे काय, भट्टीवाल्यानंच आणलाय वर. आणतानाच जोडजाड केली असणार. या लोकांना किती वेळा सांगायचं!’’

तेव्हा मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण समोर दोन बाहेरचे पाहुणे बसले होते, भिंतीवरचा तो कागद माझ्या अक्षरातला होता, आणि गेली किती तरी वर्षं याच चुकीवरून मी अख्ख्या कारखान्याला फैलावर घेत आले होते. मी मूग गिळून बसले. नंतर एकट्यात सांगू, असं ठरवलं. बुधवारी मॅनेजर दिवसभर गडबडीत होते. मला हायसं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर हायसंच वाटलं.

गुरुवारी चहाच्या सुट्टीत मामा वर आले. दारातच उभे राहून म्हणाले, ‘‘म्याडम, ती घान बघाया मिळंल का? समदे म्हनायलेत लोखंडात व्हती म्हून.’’

मी तुकडा लावला. त्यांनी टोपी काढून बाजूला ठेवली आणि वाकून डोळा लावला. खूप वेळ बघत राहिले.

‘‘मधला काळा ठिपका?’’

‘‘हो.’’

‘‘एवढ्याशानं?’’

‘‘एवढ्याशानंच, मामा.’’

ते सरळ झाले. टोपी घालत होते, आणि मला राहवेना. मी म्हटलं, ‘‘मामा, पहिली पिन. तिच्यातही हेच दिसलं असतं. ती मीच बिघडवली. तुमच्यासमोर आपटली तेव्हा.’’

‘‘मला ठावं हाय की,’’ ते म्हणाले. ‘‘मी हितंच हुबा व्हतो.’’

‘‘मग बोलला का नाहीत? मॅनेजर तुमच्या नावावर ढकलतायत.’’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत राग असता तर मला सोसला असता. त्यांना माझा प्रश्नच समजला नव्हता.

‘‘कुनाला बोलू? तपासनार तुम्ही, लिवनार तुम्ही, सही तुमची. मी म्हनलो असतो म्याडमनं आपटलं, तर कुनाला खरं वाटलं असतं?’’

मी पायऱ्या उतरून थेट मॅनेजरांकडे गेले. उभ्याउभ्याच कागदावर इंग्रजीत लिहून दिलं की पहिल्या पिनेचं तोंड माझ्या हातून खराब झालं, भट्टीच्या माणसाचा त्यात काही संबंध नाही, आणि पहिला रिपोर्ट मागे घेत आहे. त्यांनी ते वाचलं. माणूस वाईट नव्हता. चष्मा काढून म्हणाले, ‘‘अहो, हे मंगळवारी सांगायचं ना. यादी काल पुण्याला हेड ऑफिसात गेली.’’

मामांचं नाव तिच्यात नव्हतं. भट्टीवरचा ठपका पुसला गेला होता, पण नावापुढं निष्काळजीपणाचा शेरा पडला होता. मॅनेजरांनी माझ्यासमोर फोन लावला. तिकडून सांगितलं, आता पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी मामा वयाच्या अटीत बसत नव्हते, हे मलाही माहीत होतं आणि त्यांनाही.

शुक्रवारी मी भट्टीवर गेले. पिना तेलात गेल्या होत्या, धूर वर चढत होता. मामांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं, यादी, फोन, पुढचं वर्ष. मंगळवारचं आणि बुधवारचंही सांगितलं. त्यांनी हातमोजे काढून पाटावर ठेवले.

‘‘म्हंजी दोन दिस,’’ ते म्हणाले.

‘‘हो.’’

त्यांनी हातमोजे पुन्हा उचलले. मग म्हणाले, ‘‘तुम्ही काल सायबाला लिवून दिलं, ते मला बी द्या. घरी दावतो. वस्तीवर समदे म्हनायलेत, मी माल जाळला म्हून यादीतनं नाव काढलं.’’

मी वर जाऊन त्या कागदाची झेरॉक्स आणली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली.

‘‘हे विंग्रजी हाय. मराठीत लिवा ना.’’

बाहेरच्या बाकावर बसून मी मांडीवर कागद घेतला. इंग्रजीत दहा मिनिटांत झालेलं काम मराठीत होईना. तिथं चूक आपोआप होते, नमुने खराब होतात, कुणाचा हात दिसत नाही. इथं प्रत्येक वाक्यात मी समोर येऊन उभी राहत होते. दोनदा खोडलं. शेवटी लिहिलं, ‘पिना तुटल्या त्यात भट्टीची काही चूक नव्हती. लोखंडात दोष होता. तुटलेला पहिला तुकडा मी रागाच्या भरात माझ्या हातानं बिघडवला आणि त्याचा दोष दुसऱ्यावर गेला, तरी मी गप्प बसले.’

मामांनी कागद घेतला. ओळीखाली बोट फिरवत, ओठ हलवत सगळा वाचला.

‘‘बरूबर हाय,’’ ते म्हणाले. ‘‘पर भट्टीची चूक नव्हती आसं नगं. भट्टीला वस्तीवर कोन वळखतंय? माझं नाव घाला. बापाच्या नावासगट.’’

मी मान डोलावली. ‘भट्टीची’ हा शब्द खोडला, वर ‘श्री.’ लिहिलं आणि पेन तिथंच थांबलं. अकरा वर्षं मी त्यांना मामा म्हणत होते. माझ्या रिपोर्टांत ते भट्टी होते, वहीत एक वाचता न येणारी सही होते. त्यांची मेंढरं किती, पोरगी कुठं दिली, सगळं मला ठाऊक होतं. ते वाट बघत उभे होते. मला वर बघवेना.

‘‘मामा,’’ मी विचारलं, ‘‘तुमचं नाव काय?’’

त्यांनी सांगितलं. आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव. मला नीट लिहून घेता यावं म्हणून सावकाश, एकेक शब्द थांबून सांगितलं.